सीटी आरी क्या?

आधी खिसे रिकामे करा. मोबाईल इथंच राहू द्या, चष्मा राहू द्या, बीपीची गोळीही राहू द्या. जिथं जायचंय तिथं या तिन्हींचा उपयोग नाही. बरोबर एक रुपयाचं नाणं तेवढं घ्या, पण त्यावरचं साल नीट बघून घ्या. 1996 नंतरचं निघालं तर गल्ल्यावरचा माणूस ते दोनदा उलटंसुलटं करून बघेल आणि तिसऱ्यांदा तुमच्याकडे बघेल. ते टाळलेलं बरं.

मे महिना, 1996. नांदेड. दुपारचे अडीच. तुमचं वय दहा.

तुम्ही बाई असाल तर माफ करा, पण आजच्यापुरतं मुलाचं अंग घ्यावं लागेल. आपण जिथं चाललोय त्या अंधारात मुली येत नाहीत. कुणी पाटी लावलेली नाही, तरी येत नाहीत. लाज वाटावी असंच आहे ते, पण तसं आहे. मुलांनाही खरं तर बंदीच आहे म्हणा. तिथं जाणारी पोरं वाया जातात हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

तयार? डोळे मिटा, उघडा.

सगळ्यात आधी कळेल ते पायांना. स्लिपरचा तळ झिजून पापडासारखा झालाय आणि खाली डांबर वितळलंय. पाऊल उचललं की चट् असा आवाज येतो. ऊन डोक्यावर पडत नाही, ते समोरून येतं, उघड्या तंदूरच्या तोंडासारखं. वजिराबादची अर्धी दुकानं शटर ओढून झोपलीत. रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू तेवढे छन् छन् करतायत आणि चोथ्यावर माशा बसल्यात. कुठल्यातरी कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास येतोय. त्याच्यासमोरून जाताना चाल आपोआप मंदावते, तशी मंदावू द्या.

तुमच्या डोक्यावर काही नाही, पण दहा मिनिटांपूर्वी होतं. ज्वारीच्या दळणाचा डबा. आईनं गिरणीत पाठवलंय. गिरणीवाल्यानं तुमच्या डब्यावर खडूनं खूण केली, पुढं सहा डबे आहेत असं सांगितलं आणि पट्ट्याच्या थपथपाटात तुम्हाला विसरून गेला. सहा डबे म्हणजे पाऊण तास. दळणाचे पैसे देऊन एक रुपया उरतो, तेच तुमच्याजवळचं नाणं. तो आईला परत द्यायचा असतो.

रस्ता ओलांडा. गिरणीच्या समोरच्याच बाजूला, एका बोळाच्या तोंडाशी अर्धं शटर खाली आहे. त्याला मळका मरून पडदा लावलाय. वाका आणि आत शिरा.

काही दिसणार नाही. उन्हातून आलेल्या डोळ्यांना क्षणभर नुसते हिरवे-जांभळे ठिपके दिसतात. पण नाक काम करतं: घाम, उदबत्ती, विडीचा शिळा धूर, आणि या सगळ्याखाली तापलेल्या धुळीचा वास. मग कान. व्हिडिओ गेमच्या चार पेट्या एकाच वेळी ओरडतायत, दोन पंखे कडकडतायत, आणि सगळ्यांवर पोरांचा गलका. "मार बे! उडी मार! लाथ मार!" हळूहळू माणसं दिसायला लागतात. प्रत्येक पेटीपाशी एक खेळणारा, आणि त्याच्या पाठीवर, खांद्यावर, काखेतून डोकी काढून बघणारे सात-आठ. बघायला पैसे लागत नाहीत. इथली निम्मी गर्दी महिनोन्महिने एकही नाणं न टाकता गेममध्ये तरबेज झालेली आहे, आणि तीच सगळ्यात जास्त सल्ले देते.

पेट्या म्हणजे प्लायवूडच्या. सुताराकडून करून घेतलेल्या, वर सनमायका ठोकलेला. आत जपानी डोकं आणि वर देशी डोळा अशी ही सोयरीक आहे. डोकं म्हणजे गेमचा सर्किट बोर्ड. त्याला कडेला कंगव्यासारखे 56 दात असतात. जपानमधल्या कंपन्यांनी 1985 साली हे दात कुठल्या क्रमानं असावेत ते ठरवून टाकलं, त्याला जामा म्हणतात. त्यामुळं एक बोर्ड उपसून दुसरा खुपसला की त्याच पेटीत नवा गेम. आणि डोळा म्हणजे आपल्या घरातला टीव्हीच, बाहेरचा डबा काढून आतली काचेची नळी आणि सर्किट पेटीत बसवलेलं. रंगीत टीव्हीचे कारखाने तेव्हा आपल्या मराठवाड्यातही आहेत, औरंगाबादेत पैठण रोडला, चितेगावला. एखाद्या पेटीतली नळी तिथूनच आली असेल तर मला नवल वाटणार नाही.

गल्ल्यावर मालक. लुंगी, बनियन, खांद्यावर ओला टॉवेल. पोरं त्याला भैया म्हणतात, तुम्हीही म्हणा. त्याच्या डोक्यावर देवाचा फोटो आणि त्यापुढं झिरोचा लाल बल्ब.

तुम्हाला कुठल्या पेटीकडे जायचंय ते विचारायलाच नको. कोपऱ्यातली, जिच्याभोवती सगळ्यात जास्त पाठी आहेत. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम नावाच्या जपानी कंपनीनं 1993 साली काढलेला. हे नाव इथं कुणालाही माहीत नाही. इथं त्याला मुस्तफा म्हणतात. चार जणांतून एक गडी निवडायचा असतो, त्यातला एक मुस्तफा. तो सगळ्यात चपळ, आणि त्याची उडती लाथ अशी की पोरांनी बाकीच्या तिघांना बाजूला सारून अख्खा गेमच त्याच्या नावे करून टाकला. नांदेडच नाही, सगळ्या देशभर पोरांनी हेच केलं, एकमेकांना न विचारता. गेमची नावं ठेवणाऱ्या कंपन्यांनी यातून काही शिकायला हवं होतं.

नंबर लावा. म्हणजे काचेच्या खालच्या पट्टीवर आपलं नाणं ठेवा. तुमच्यापुढं तीन नाणी आहेत. थांबा. धीर धरा. शेजारच्याच्या बगलेचा वास सहन करा.

आला नंबर. नाणं फटीत टाका. टिंग. हा आवाज पोटात जाणवतो. दांडा हातात घ्या. त्याच्यावरचा लाल गोळा आधीच्या तिघांच्या घामानं बुळबुळीत झालाय. डाव्या हातात दांडा, उजव्या हाताच्या बोटांखाली दोन बटणं. हळू दाबून चालत नाही. हळू दाबलेलं बटण लागतं, ते मला माहीत आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या नियमाप्रमाणं लागायलाच हवं. पण दहा वर्षांच्या पोराला नियम कोण सांगणार? तुम्हीही ठोसेच मारताय. पेटी गदागदा हलतेय.

पहिला टप्पा पार. दुसऱ्यात घुसलात. मागून कुणीतरी म्हणतं, "लेकरू लहान आहे पण हात बघ कसा चालायलाय!" मान ताठ होते. आणि तेवढ्यात पंखा एकदम जोरात फिरायला लागतो, देवापुढचा लाल बल्ब पांढुरका होतो. लाईट वाढली. क्षणभरच. लगेच पुन्हा पंखा मंद, आणि तुमच्या समोरचं चित्र चारी बाजूंनी आत ओढल्यासारखं होतं.

टप्.

अंधार. मधोमध एक पांढरा ठिपका राहतो, तोही विझतो.

पण मुस्तफा मेलेला नाही! ऐका. आवाज चालू आहे. बटण दाबलं की लाथेचा फट् असा आवाज येतो, कुणीतरी कळवळतं. तुम्ही अजून खेळताय, आंधळ्यासारखे. आठ पोरं काळ्या काचेकडे बघतायत आणि ओरडतायत, "डावीकडं! डावीकडं असंल तो!" काचेत तुमचाच चेहरा दिसतो, मागं सात चेहरे. आणि नीट बघा, त्या चेहऱ्यांवरून पुसट अक्षरं गेल्यासारखी दिसतात. या नळीवर पूर्वी दुसरा गेम होता. नाणं टाका असं सांगणारी त्याची इंग्रजी ओळ वर्षानुवर्षं एकाच जागी उमटत राहिली आणि काचेच्या आतला लेप तिथं कायमचा करपला. नळी जिवंत असताना ती अक्षरं रंगांखाली लपतात. बंद पडली की उघडी पडतात.

मग तो ठरलेला आवाज येतो, सगळे टप्पे न बघताच संपल्याचा. गेम ओव्हर.

"कुणी केलं?" भैया उठलाय.

सगळी बोटं तुमच्याकडे. तुमच्याच हातात दांडा होता ना. भैयाला आधीपासून एकच संशय असतो: गॅसचा लायटर. शेगडी पेटवायचा तो टिक-टिक लायटर नाण्याच्या फटीपाशी वाजवला की मशीनला नाणं पडल्यासारखं वाटतं आणि फुकट गेम मिळतो, असं पोरांमध्ये बोललं जातं. भैया तुमचे खिसे तपासतो. चड्डीचे दोन्ही खिसे बाहेर काढतो, पांढऱ्या कानांसारखे लोंबत ठेवतो. काही सापडत नाही. तरी तो तुम्हाला स्टुलावर बसवतो. "हलायचं नाही. उस्ताद येऊ दे."

रस्त्याच्या पलीकडं गिरणीचा पट्टा थपथपतोय. म्हणजे लाईट आहे. म्हणजे दळणही चालू आहे. तुमच्या पोटात गोळा येतो.

बाहेरून लोखंडी सळ्यांचा ट्रक जातो. शटर खडखडतं, बंद काच थरथरते. भैयाची नजर झटकन दाराकडे जाते आणि ट्रक गेल्यावर परत येते. किल्लारीच्या भूकंपाला अजून तीन वर्षंही झालेली नाहीत. या गावातली माणसं काही खडखडलं की आधी दार कुठं आहे ते बघतात. कुणी त्याबद्दल बोलत नाही.

पेट्या दुरुस्त करणारे उस्ताद इतवाऱ्यातून लुनावर येतात. पन्नाशीचे, बारीक, मेंदी लावलेली दाढी, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि दातकोरणी. पायात रबरी चप्पल, ती ते दुकानात शिरतानाही काढत नाहीत. का ते लवकरच कळेल. पिशवीतून निघतं ते असं: काळ्या डब्यातला काट्याचा मीटर, सोल्डरिंग गन असं जिला सगळे म्हणतात पण जी साधी काडी असते ती, राळेचा डबा, रंगाचा जुना ब्रश, आणि लाकडी पाटीवर बसवलेला शंभरचा बल्ब.

पेटीला हात लावण्याआधी ते म्हणतात, "एक कॉइन डाल."

भैया त्यांच्याकडे बघतो. उस्ताद पुन्हा म्हणतात. भैया गल्ल्यातलं नाणं टाकतो. टिंग. उस्ताद मान डोलावतात. बोर्ड जिवंत. बोर्डाला लागणारे पाच व्होल्ट जिवंत. अर्धी पेटी एका रुपयात तपासून झाली. (मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानांत मी नंतर यापेक्षा पुष्कळ महागड्या तपासण्या पाहिल्या, त्यांतून याहून जास्त कळत असे असं नाही.)

आता मागचं दार. चार स्क्रू, आणि आतून गरम वाफारा तोंडावर येतो. धूळ अशी बसलीय की तारांना लोकर आल्यासारखी वाटते. एक झुरळ शांतपणे बाजूला होतं. उस्ताद ब्रश फिरवतात, फुंकर मारतात, आणि मग नळीच्या मागच्या निमुळत्या गळ्याकडे बोट दाखवतात. "इधर आ बेटा. आँखां तेज हैं तेरे. अंदर लाल बत्ती दिखरी क्या?"

तुम्हाला बोलावलंय! स्टुलावरून उठा. भैया काही बोलत नाही.

वाका. काचेच्या गळ्यात, चंदेरी नळकांड्यांच्या मागं, निखाऱ्याएवढा ठिपका दिसायला हवा. दिसत नाही. "नाही उस्ताद."

तो निखारा म्हणजे नळीचा हीटर. तो तापला की इलेक्ट्रॉन सुटतात, समोरच्या काचेवर आदळतात आणि चित्र होतं. आणि त्याला वीज मिळते ती लाईन ट्रान्सफॉर्मरवरून, ज्याला मिस्त्री मंडळी एलओटी म्हणतात. काळा, मुठीएवढा ठोकळा. त्याच ठोकळ्यातून एक जाड तांबडी तार निघते आणि नळीच्या पाठीवर रबरी टोपीखाली शिरते. त्या तारेत वीसेक हजार व्होल्ट असतात. आपल्या भिंतीतल्या प्लगात 230. निखारा नाही म्हणजे ठोकळा चालत नाही, इतकं उस्तादांना तुमच्या एका 'नाही'वरून कळलं.

पिन काढली. तुम्हाला वाटेल आता भीती संपली. नाही. ही नळी बंद झाली तरी वीज धरून ठेवते, आतून-बाहेरून काळा लेप लावलेली ती एक मोठी काचेची बरणीच असते. उस्ताद एका स्क्रू ड्रायव्हरला तार गुंडाळतात, तारेचं दुसरं टोक नळीभोवतीच्या उघड्या जाळीला अडकवतात. मग डावा हात पाठीमागं कमरेवर ठेवतात. बघून ठेवा हे. एक हात नेहमी मागं, म्हणजे झटका बसलाच तर तो छातीतून आरपार जात नाही. उजव्या हातानं टोक टोपीखाली सरकवतात.

टच्च! निळी ठिणगी. सगळी पोरं एक पाऊल मागं. नाकात एक विचित्र वास येतो, वीज पडल्यावर येतो तसा, ताजा आणि तिखट.

फ्यूज बाहेर आला. काचेची छोटी नळी, आतून काळीकुट्ट. उस्ताद ती उजेडात धरून तुम्हालाच दाखवतात. नुसती तार तुटलेली असती तर फ्यूज म्हाताऱ्या वयानं गेला म्हटलं असतं. पण काच काळी, म्हणजे आत कुठंतरी थेट शॉर्ट आहे. भैया म्हणतो, "दुसरा टाका ना, माझ्याकडं आहेत." उस्ताद उत्तरच देत नाहीत. फ्यूजच्या जागी ते त्या लाकडी पाटीवरच्या बल्बाची दोन टोकं जोडतात. सगळी वीज आता त्या बल्बातून जाणार. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटेल आणि बाकी काही जळणार नाही. पिन लावा.

बल्ब भगभगला. पोरांचे चेहरे पिवळे झाले, कोपऱ्यातली जळमटं दिसली, भैयाच्या कपाळावरचा घाम दिसला. "शॉर्ट," उस्ताद म्हणाले. पिन काढा.

आता मीटर. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला एक काळा तीन पायांचा चौकोन स्क्रूनं आवळलाय. बीयू 508, लाईन आउटपुट ट्रान्झिस्टर. सेकंदाला साडेपंधरा हजारांहून जास्त वेळा उघडझाप करायची आणि त्या ठोकळ्याला धक्के देत राहायचं हे त्याचं काम. मीटरची टोकं सरळ लावली, काटा पूर्ण उजवीकडं. उलटी लावली, तरी पूर्ण उजवीकडं. मेला.

बहुतेक मिस्त्री इथं नवा ट्रान्झिस्टर टाकतात, पैसे घेतात आणि आठ दिवसांनी पुन्हा येतात. उस्ताद बोर्ड उलटा करतात आणि खिशातून भिंग काढतात. भिंग, दहा मिनिटं, गप्प. पंखा कडकडतोय. घामाचा थेंब त्यांच्या नाकावरून बोर्डावर पडणार तेवढ्यात ते मान फिरवतात. पोरं कंटाळून दुसऱ्या पेट्यांकडे गेली. तुम्ही तिथंच. गिरणीचा पट्टा थपथपतोय. कितवा डबा असेल?

"ये देख."

भिंगातून बघा. एका छोट्या ट्रान्सफॉर्मरचा पाय बोर्डातून वर आलाय, त्याच्याभोवती सोल्डरचा ढिगारा, आणि त्या ढिगाऱ्यात पायाभोवती केसाएवढी गोल भेग. ड्राय सोल्डर. दिवसभर तापायचं, रात्री थंड व्हायचं, आणि सकाळी नऊपासून पेटीला ठोसे. भेग पडते. ट्रान्झिस्टरला पोचणारा इशारा मग धड येत नाही, तो अर्धवट उघडतो, अर्धवट मिटतो, तापतो. आज लाईट वाढली हे नुसतं निमित्त. तो गेले कित्येक दिवस मरतच होता.

भैया विचारतो, "म्हणजे लायटरनं नाही?"

"लाइटर से ट्यूब नै मरती," उस्ताद म्हणतात. मग सगळ्या दुकानाकडे हात फिरवतात. "मुक्के मार मार के मारे इनो सब."

तुम्ही निर्दोष नाही आहात, फक्त एकटे दोषी नाही आहात. खिसे आत घालायला हरकत नाही आता.

काडी तापली. राळेला टेकली की भुरका धूर उठतो, देवळातल्या धुपाचा सख्खा भाऊ. मला विचाराल तर त्या काळातला सगळ्यात सुंदर वास हाच, आणि आज कुठल्याही किमतीला तो विकत मिळत नाही, कारण त्याच्यासोबतचा घाम आणि अंधार मिळत नाही. भेगेवर नवं सोल्डर वाहतं, चकाकतं, फुंकरीनं थिजतं. मग नवा ट्रान्झिस्टर. त्याच्या पाठीशी अभ्रकाचा पातळ तुकडा, त्याला दोन्हीकडून पांढरी पेस्ट. जुना काळा तुकडा उस्ताद तुमच्या तळहातावर ठेवतात. अजून कोमट आहे.

बल्ब परत जोडला. पिन लावा. बल्ब एकदम पेटला आणि हळूहळू मंदावून नुसता तांबूस राहिला. शॉर्ट गेला. पण चालतंय का?

उस्ताद कान पेटीकडे करतात. डोळे मिटतात. मग डोळे उघडून तुमच्याकडे बघतात.

"सीटी आरी क्या?"

तेव्हाच्या टीव्हीच्या चित्रात 625 रेघा असतात, आणि सेकंदाला 25 चित्रं. गुणाकार करा: 15,625. गेमच्या बोर्डाचा हिशेब थोडासा वेगळा असतो, पण पट्टी तीच. एका सेकंदात तितक्या वेळा तो ठोकळा थरथरतो, आणि त्याची एक अतिशय बारीक शिट्टी येते. सुईनं काच ओरखडावी तशी. लहान पोरांना ती स्पष्ट ऐकू येते. वय वाढतं तसा माणसाचा कान वरच्या पट्टीकडून मिटत जातो. पन्नाशीतल्या माणसाला ती बहुधा ऐकू येतच नाही. उस्तादांकडे मीटर आहे, भिंग आहे, तीस वर्षांचा हात आहे. ही एक गोष्ट नाही. त्यासाठी ते ज्या दुकानात जातील तिथलं सगळ्यात लहान पोरगं शोधतात.

भैयाला ऐकू येत नाही. तो मोठ्यानं म्हणतो, "कुठली शिट्टी?" त्याला गप्प करा.

श्वास धरा. पंख्याचा कडकडाट बाजूला काढा. शेजारच्या पेटीतली मारामारी बाजूला काढा. गिरणी बाजूला काढा. या सगळ्याच्या वर, खूप वर, जिथं आवाज संपतात असं वाटतं तिथं…

ईऽऽऽ.

"हौ!" तुमच्या तोंडून निघतं. "आरी उस्ताद!"

ते हसतात. बल्ब काढून नवा फ्यूज. पुन्हा पिन. चर्र्र असा आवाज काचेवरून धावतो. हात काचेजवळ न्या, अंगावरचे केस उभे राहतील, जाळ्यातून हात गेल्यासारखं वाटेल. गळ्यातला निखारा पेटलाय, तुम्हीच ओरडून सांगता. पाच सेकंद, दहा, पंधरा. पोरं परत धावत आलीत. काच काळीच. मग मधोमध, आडवी, झगझगीत पांढरी एकच रेघ!

"बंद! बंद!" उस्ताद स्वतःच पिन ओढतात. सगळं चित्र त्या एका रेघेत गोळा झालंय, जास्त वेळ राहिली तर लेप जाळून टाकेल. भैयानं डोक्याला हात लावला. पण उस्तादांची मुद्रा बदललेली नाही. बोर्ड उलटासुलटा करताना एक छोटा प्लग सैल झालाय. इलेक्ट्रॉनांना वर-खाली पसरवणाऱ्या गुंडाळीचा. अंगठ्यानं दाबला. टक्.

पुन्हा पिन. चर्र्र. पंधरा सेकंद. अंधारातून आधी हिरवट धुकं आलं, मग रंग, मग रंगांत माणसं, आणि माणसांमध्ये मुस्तफा. जळकी अक्षरं बुडाली. आठ पोरांनी अशी आरोळी ठोकली की बोळातलं कुत्रं भुंकायला लागलं.

भैयानं शंभराची नोट काढली. उस्तादांनी ती घेतली, चहाही घेतला, बशीतून. मग तुमच्याकडे मानेनं खूण करत म्हणाले, "इसकू एक गेम दे फोकट में. आधा काम इसने किया."

भैयानं नाणं दिलं, हसत नव्हता पण दिलं. आणि मी सांगतो, खेळू नका. पलीकडं ऐका. पट्टा थांबलाय.

पळा.

तुमचा डबा ओट्यावर एकटाच उरलाय. गिरणीवाला पिठानं पांढरा झालाय, भुवयासुद्धा. "कुठं मेला होतास बे? कवाचं झालंय!" डबा डोक्यावर घ्या. ताजं पीठ गरम असतं, ती ऊब पत्र्यातून टाळूत उतरते. वरून ऊन, खालून डांबर, मध्ये गरम ज्वारीचा वास. अंगणात आई कुरडया उलटत बसलेली असेल. ती आधी डबा उतरवेल, मग रुपया मागेल. तुमच्याकडे रुपया आहे! भैयाचा. द्या. ती तुमचा शर्ट हुंगेल आणि विचारेल, विडीचा वास कामून यायलाय?

या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच द्या. मी निघतो.

परत आलात? चष्मा घ्या, फोन घ्या, गोळी घ्या. मूठ उघडून बघू नका. कोमट ट्रान्झिस्टर आणता येत नाही, तेवढी सोय नाही आपल्याकडे. टाळूवरची ऊब थोडा वेळ राहील.

एक काम करा. गावाकडच्या घरात, माळ्यावर नाहीतर धान्याच्या खोलीत, मागं कुबड असलेला जुना टीव्ही अजून असेल. त्याचं झाकण उघडायला जाऊ नका, का ते आता तुम्हाला माहीत आहे. धूळ पुसा, पिन लावा, जळकट वास आला तर लगेच ओढा. नाही आला, तर घरातल्या सगळ्यात लहान लेकराला जवळ बोलवा, पंखा बंद करा, आणि त्याला विचारा, शिट्टी येते का?